‘कॉन्टॅक्ट’ आणि ‘आयडेंटिफाइड’च्या मधली जागा: सेक्टर बदलताना संवाद कुठे तुटतो आणि तो कसा जोडून ठेवायचा

आकाश सेक्टरांमध्ये, म्हणजे हवाई नियंत्रकांनी वाटून घेतलेल्या भागांत, विभागलेलं असतं. विमान एका सेक्टरमधून दुसऱ्यात जायला निघालं की जुन्या सेक्टरचा नियंत्रक सांगतो, “फास्टएअर थ्री फोर फाइव्ह, कॉन्टॅक्ट अलेक्झांडर कंट्रोल, वन टू नाइनर डेसिमल वन.” वैमानिक तेच परत म्हणून दाखवतो, फ्रीक्वेन्सी बदलतो आणि नव्या नियंत्रकाला हाक मारतो. नव्यानं “आयडेंटिफाइड”, म्हणजे तू पडद्यावर ओळखला गेलास, असं उत्तर दिलं की काम झालं. चार तासांच्या उड्डाणात हे सहज डझनभर वेळा घडतं आणि इतकं सवयीचं होतं की त्याकडे कुणाचं लक्षच राहत नाही. घोटाळा होतो तो नेमका इथेच. जुन्याला वाटतं विमान गेलं, नव्याला वाटतं अजून यायचंय, आणि कॉकपिटमध्ये वाटतं की आपण सांगितल्याप्रमाणे केलंय. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि विमान कुणाच्याच कानावर नाही. ताशी ४८० नॉटनं जाणारं विमान मिनिटाला ८ सागरी मैल कापतं. दहा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ८० मैल गेले.

म्हणून पुढचं सगळं एकाच नियमावर उभं आहे: फ्रीक्वेन्सी बदलली म्हणजे हस्तांतर झालं असं धरायचं नाही. पलीकडच्या माणसानं आपलं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन उत्तर दिलं की झालं. तोवर जुनी फ्रीक्वेन्सी हातातून सोडायची नाही.

हस्तांतरं एक नाही, दोन असतात

संवादाचं हस्तांतर वेगळं आणि नियंत्रणाचं वेगळं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमान हद्द ओलांडेपर्यंत, किंवा दोन केंद्रांनी आपसात ठरवलेल्या बिंदूपर्यंत, जबाबदारी जुन्या केंद्राची असते. पण विमानाला नव्या फ्रीक्वेन्सीवर त्याच्या थोडं आधीच पाठवतात, म्हणजे हद्दीवर पोचेपर्यंत बोलणं सुरू झालेलं असतं. मधली काही मिनिटं विमान बोलतं एकाशी आणि असतं दुसऱ्याच्या ताब्यात.

वैमानिक नव्या सेक्टरवर येतो आणि लगेच वरची पातळी (उंची) मागतो. नवा नियंत्रक मोकळं आकाश बघून “क्लाइंब” म्हणतो. पण विमान अजून जुन्या सेक्टरमध्ये आहे आणि तिथं वरून दुसरं कुणी चाललंय, जे नव्याच्या पडद्यावर ठळक दिसतही नसेल. यावर उपाय म्हणजे ‘रिलीज’. जुन्यानं फोनवर किंवा पडद्यावर स्पष्ट सांगायचं: चढण्यासाठी मोकळं, वळण्यासाठी मोकळं, की दोन्हींसाठी. नुसतं “रिलीज्ड” म्हणजे नेमकं काय, हे दोन केंद्रांच्या लेखी करारात असायला हवं. ते नसेल तर विचारून घ्यावं. वैमानिकाला उत्तर उशिरा आलं किंवा “हद्द ओलांडल्यावर” असं आलं, तर त्यात आडमुठेपणा नसतो. त्या नियंत्रकाला तेवढा अधिकारच अजून मिळालेला नसतो.

विमानाच्या आधी त्याची माहिती पोचायला हवी

विमान नव्या फ्रीक्वेन्सीवर येण्याआधी त्याचा अंदाजित वेळ, पातळी आणि मार्ग पलीकडे पोचलेला असावा लागतो. आता हे बहुतेक ठिकाणी संगणकच करतात. युरोपात त्यासाठी ओएलडीआय ही केंद्रांच्या संगणकांमधली संदेशपद्धत आहे, इतरत्र एआयडीसी. ओएलडीआयमध्ये ‘एसीटी’ (विमान येतंय) संदेश गेला की समोरच्या यंत्राची ‘एलएएम’ पोच यावी लागते. एआयडीसीमध्ये ताबा देताना ‘टीओसी’ आणि घेताना ‘एओसी’. पोच आली नाही की पडद्यावर इशारा उमटतो. तो बघून लगेच फोन उचलायचा, “येईल थोड्या वेळात” म्हणत बसायचं नाही.

आणि फोन चालू आहे ना, हेही बघायचं. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर प्रवासी टीयू-१५४ आणि मालवाहू बोइंग ७५७ धडकली, ७१ जण गेले. शेजारच्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना धोका दिसला होता. त्यांनी तिथलं आकाश सांभाळणाऱ्या झ्युरिकला वारंवार फोन लावला, पण लाइन लागलीच नाही, कारण तिथली फोनयंत्रणा देखभालीसाठी बंद होती. आकाशातला संवाद जमिनीवरच्या तारेवर किती अवलंबून असतो, याचं यापेक्षा कडवट उदाहरण नाही. म्हणून शिफ्टवर बसल्यावर शेजारच्या प्रत्येक केंद्राशी लाइन तपासायची, आणि मुख्य लाइन बंद असेल तर पर्यायी क्रमांक समोर लिहून ठेवायचा.

सोडणाऱ्या नियंत्रकानं

फ्रीक्वेन्सी बदलायला सांगताना बाकी काही सांगू नये. नवीन नियंत्रकांकडून सर्वात जास्त मोडला जातो तो हाच नियम. “क्लाइंब फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो, टर्न लेफ्ट हेडिंग झीरो फोर झीरो, कॉन्टॅक्ट अलेक्झांडर वन टू नाइनर डेसिमल वन” असं एका श्वासात दिलं की तीन आकडे (शेकडा फुटांतली पातळी, अंशांतली दिशा आणि फ्रीक्वेन्सी) डोक्यात एकमेकांवर आदळतात. बहुतेकदा शेवटचा लक्षात राहतो. त्यातही वाईट म्हणजे रीडबॅक (सूचना परत म्हणून दाखवणं) चुकला तरी दुरुस्ती करायला समोर कुणी उरत नाही. नियंत्रकानं “निगेटिव्ह” म्हणेपर्यंत वैमानिकाचं बोट बटणावर पडलेलं असतं. बाकी सगळ्या सूचनांमध्ये चुकीचा रीडबॅक सुधारता येतो, इथे बहुतेकदा नाही. म्हणून आधी पातळी, तिचा रीडबॅक, थोडी उसंत, आणि मग फ्रीक्वेन्सी.

रीडबॅक ऐकतानाच्या चुका तर आणखी वेगळ्या. आपण जे ऐकायची अपेक्षा करतो तेच कानाला ऐकू येतं. वैमानिक “वन टू नाइनर डेसिमल सेव्हन” म्हणाला तरी नियंत्रक “वन” ऐकतो, कारण तोवर तो दुसऱ्या कानानं फोनवर असतो. रीडबॅक येईपर्यंत फोन बाजूला ठेवायचा, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ चुका कमी होतील.

“कॉन्टॅक्ट” आणि “मॉनिटर” यांत गल्लत करू नये. कॉन्टॅक्ट म्हणजे जाऊन हाक मार. मॉनिटर म्हणजे जाऊन ऐकत राहा, हाक तेच मारतील. “मॉनिटर” सांगितलेला वैमानिक गप्प बसतो आणि नवा नियंत्रक त्याच्या हाकेची वाट बघत बसतो. हा खेळ चांगला चार-पाच मिनिटं चालू शकतो.

सेक्टर जोडताना किंवा तोडताना विशेष जपावं. रात्री दोन सेक्टर एक होतात, एक फ्रीक्वेन्सी बंद होते आणि दोन सेक्टर मागचा नियंत्रक जुन्याच सवयीनं विमानं तिकडे पाठवत राहतो. बंद झालेली फ्रीक्वेन्सी काही काळ कपल करून (चालू फ्रीक्वेन्सीला जोडून) ऐकत राहणं, आणि बदल शेजाऱ्यांना फोनवर कळवून त्यांच्याकडून परत म्हणवून घेणं, हे दोन्ही करायचं.

कॉकपिटमध्ये

नवी फ्रीक्वेन्सी रेडिओच्या स्टँडबाय (राखीव) खिडकीत टाकायची. आधी टाकायची, मग डायल बघून रीडबॅक द्यायचा. डोक्यातून दिलेला रीडबॅक आणि डायलवरून वाचलेला रीडबॅक यांत मोठा फरक असतो. दुसरा चुकला तर नियंत्रक पकडतो. पहिला बरोबर येतो आणि चूक डायलवर तशीच राहते. दोघं वैमानिक असतील तर एकानं टाकावं, दुसऱ्यानं बघावं. मग अदलाबदल. बटण दाबल्यावर जुनी फ्रीक्वेन्सी आपोआप स्टँडबायमध्ये येते. नव्यावर उत्तर मिळेपर्यंत तिथं दुसरं काहीही टाकू नये. हवामान ऐकण्यासाठी किंवा कंपनीशी बोलण्यासाठी ती पुसून टाकली की परतीचा रस्ता गेला. शिवाय कागदावर लिहावी, तेही वेळेसह. दीडशे मैलांनंतर “शेवटचं कुणाशी, कधी बोललो?” या प्रश्नाचं उत्तर तिथंच सापडतं.

आता आकडे. ८.३३ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये शेवटचा आकडा टाकून देणं महागात पडतं. १३२.७६० आणि १३२.७६५ ही दोन वेगळी चॅनेलं आहेत. “सेव्हन सिक्स” एवढंच ऐकून थांबलं तर अर्ध्या वेळा चुकेल. १३२.७५० आणि १३२.७५५ यांची तर गंमत आहे. मध्य फ्रीक्वेन्सी एकच, पण पहिलं नाव २५ किलोहर्ट्झच्या रुंद चॅनेलचं आणि दुसरं ८.३३ च्या अरुंद. पहिलं टाकलं तर आवाज येईल, पण शेजारच्या चॅनेलची गर्दीही सोबत येईल. सहाही आकडे बोलायचे असा नियम आहे. शेवटचे दोन्ही शून्य असतील तेव्हाच पहिले चार पुरेत. काही देशांत ही पद्धत वेगळी आहे आणि तिथं ‘डेसिमल’ऐवजी ‘पॉइंट’ म्हणतात, म्हणून हद्द ओलांडताना कान तयार ठेवावा. आकडे उलटे होणं ही रात्रीच्या उड्डाणातली खास चूक: १२७.३५ चं १२३.७५ होतं.

नव्या फ्रीक्वेन्सीवर गेल्याबरोबर बोलायला सुरुवात करू नये. दोन-तीन सेकंद ऐकावं. व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचा असल्यामुळे दोघं एकदम बोलले की नियंत्रकाच्या कानावर शिट्टीच येते, किंवा दोघांतला जोरकस आवाज तेवढा ऐकू येतो आणि दुसरा गेला कुठे हे कुणाला कळतही नाही. दुसऱ्याच्या सूचनेचा रीडबॅक अजून यायचा असेल तर थांबावं. बटण पूर्ण दाबून मग तोंड उघडावं, नाहीतर कॉलसाइनचा पहिला भाग कापला जातो. मिनिटाला शंभर शब्दांहून जास्त वेग नको, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनच आहे. पाळणारे थोडे.

पहिल्या हाकेत काय असावं:

“अलेक्झांडर कंट्रोल, फास्टएअर थ्री फोर फाइव्ह, पासिंग फ्लाइट लेव्हल टू सिक्स झीरो, क्लाइंबिंग फ्लाइट लेव्हल थ्री थ्री झीरो, हेडिंग झीरो फोर झीरो, स्पीड टू एट झीरो नॉट्स.”

केंद्राचं नाव आणि पूर्ण कॉलसाइन. विमान ‘हेवी’ किंवा ‘सुपर’ या जड वजनाच्या वर्गातलं असेल तर तेही. चढत किंवा उतरत असाल तर सध्याची पातळी आणि मंजूर झालेली, दोन्ही. जुन्या नियंत्रकानं हेडिंग किंवा वेग दिला असेल तर तोही. अनेकजण नुसतं “फ्लाइट लेव्हल थ्री थ्री झीरो” म्हणतात. म्हणजे तिथं आहोत की तिथं चाललोय? मंजूर पातळी बोलण्यामागचा हेतू असा की, जुन्यानं ३१० म्हटलं असेल आणि कॉकपिटनं ३३० ऐकलं असेल, तर ते इथे उघडं पडावं. दोन केंद्रांच्या मधली ही शेवटची चाळणी. वेग सांगितला नाही तर नवा नियंत्रक मागच्या विमानाला मोकळा वेग देतो आणि दोघांतलं अंतर आटत जातं.

नव्या फ्रीक्वेन्सीवर मिळतंजुळतं कॉलसाइन कानावर आलं, तर आपलं पूर्ण कॉलसाइन सावकाश म्हणावं. ते छोटं करण्याची मुभा फक्त नियंत्रकाची. त्यानं केलं तरच आपण करायचं.

उत्तर येत नाही

कमीत कमी दहा सेकंद थांबून दुसरी हाक. तेवढ्यात व्हॉल्यूम, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) आणि ऑडिओ पॅनेलवर बोलण्यासाठी कोणता रेडिओ निवडलाय ते बघावं. ‘रेडिओ गेला’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा कुणाचं तरी बोट चुकीच्या बटणावर असतं. मग क्रमानं:

१. जुन्या फ्रीक्वेन्सीवर परत. “अनेबल टू रेज ऑन वन टू नाइनर डेसिमल वन” (त्या फ्रीक्वेन्सीवर उत्तर मिळत नाही) असं आकड्यासकट सांगावं, म्हणजे चूक कुणाची होती तेही तिथंच कळतं. यात लाज नाही आणि उशीरही करू नये. रेडिओ पल्ल्याचा अंदाज सोपा: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३. ३५,००० फुटांवर साधारण २३० सागरी मैल, १०,००० वर १२३, ३,००० वर जेमतेम ६७. खाली असाल तर परतीची खिडकी लवकर बंद होते.

२. चार्टवर त्या सेक्टरची छापलेली फ्रीक्वेन्सी, मग शेजारच्या सेक्टरची.

३. दुसरा रेडिओ बॉक्स, दुसरा हेडसेट, हातातला मायक्रोफोन.

४. १२१.५ ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी. कॉलसाइन, जागा, पातळी, आणि कोणत्या केंद्राशी बोलायचंय ते.

५. दुसऱ्या विमानाकडून रिले, म्हणजे त्याच्यामार्फत निरोप. समुद्रावर आणि दुर्गम भागात विमानांनी आपसात बोलायला १२३.४५ आहे. आफ्रिकेत बऱ्याच भागांत १२६.९ वर स्वतःची जागा आणि पातळी प्रसारित करण्याची पद्धत आहे. तिथं ती हद्दीपाशी पोचण्याआधीच सुरू करावी.

६. डेटालिंक (लेखी संदेशांची जोडणी), एकार्स (कंपनीशी संदेशांची यंत्रणा), उपग्रह फोन. कंपनीचा डिस्पॅचर केंद्राला फोन करू शकतो.

७. काहीच जमलं नाही तर ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६००, म्हणजे ‘रेडिओ बंद’ हा संकेत.

पुढचे नियम देशागणिक थोडे बदलतात. उपकरणांवर उडताना आंतरराष्ट्रीय आधार असा: रडार नसलेल्या क्षेत्रात, सक्तीच्या बिंदूवर जागा कळवता न आल्यापासून २० मिनिटं शेवटची पातळी आणि वेग कायम ठेवायचे, रडार असलेल्या क्षेत्रात ७ मिनिटं. शेवटची पातळी किमान सुरक्षित उंचीपेक्षा कमी असेल तर अर्थात किमान उंची धरायची. नंतर उड्डाण योजनेप्रमाणे. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरावं. चाललोय त्या देशाचे अपवाद उड्डाणाआधी वाचलेले असावेत.

शांतता

ऐकू येणारी चूक पकडता येते. शांतता पकडणं अवघड.

२१ ऑक्टोबर २००९ ला नॉर्थवेस्ट १८८ हे ए३२० सॅन दिएगोहून मिनियापोलिसला निघालं आणि ७७ मिनिटं कुणाशीच बोललं नाही. मुक्काम मागे टाकून शंभराहून जास्त मैल पुढे गेलं. कॉकपिटमध्ये लॅपटॉप उघडे होते, हे सगळ्यांना आठवतं. तपासात नियंत्रण कक्षाबद्दलही एक गोष्ट निघाली, ती सहसा कुणी सांगत नाही: विमानाला फ्रीक्वेन्सी बदलायला सांगितलं का आणि ते नव्यावर पोचलं का, याची नोंद ठेवण्याची देशभर सक्तीच नव्हती. प्रत्येक विमानाची नोंद असलेल्या कागदी पट्ट्या गेल्या, पडदे आले, आणि पट्टीवर मारायची खूणही त्यांच्याबरोबर गेली. आजही ज्या पडद्यावर ‘पाठवलं’ आणि ‘पोचलं’ या दोन वेगळ्या खुणा नाहीत, तिथं नियंत्रकानं स्वतःची काही तरी खूण ठरवावी.

ब्राझीलमध्ये २९ सप्टेंबर २००६ ला ३७,००० फुटांवर लेगसी ६०० जेट आणि ‘गोल’ कंपनीचं ७३७ समोरासमोर धडकली. ७३७ मधले सर्व १५४ जण गेले. लेगसीचा ट्रान्सपाँडर प्रसारण करत नव्हता, शेवटचं दुतर्फी बोलणं होऊन तासाहून जास्त वेळ झाला होता, आणि पल्ल्याबाहेर जाण्याआधी त्यांना पुढची फ्रीक्वेन्सी मिळालीच नाही. शेवटच्या मिनिटांत त्यांनी हाका मारल्या, तेव्हा फार उशीर झालेला होता.

म्हणून कॉकपिटमध्ये घड्याळ लावावं. गजबजलेल्या आकाशात पाच मिनिटं आवाज नाही, किंवा इतर विमानांचे आवाज हळूहळू विरत चाललेत, तर “रेडिओ चेक” मागावा. काही जुन्या व्हीएचएफ संचांचा रिसीव्हर बराच वेळ शांत राहिला की ‘झोपतो’: सगळं ठीक दिसतं, पण काही ऐकू येत नाही, आणि आपण एकदा बोललो की जागा होतो. चार्टवर हद्द दिसतेय आणि फ्रीक्वेन्सी बदल आलेला नाही, तर आपणच विचारायचं.

दुसऱ्या बॉक्सवर १२१.५ सतत उघडी ठेवायची. तिच्यावर म्याँव म्याँव करणाऱ्या बहाद्दरांमुळे वैतागून व्हॉल्यूम बंद करणारे पुष्कळ आहेत. राग समजण्यासारखा आहे, पण आपल्याला शोधणारा नियंत्रक सर्वात आधी तिथंच हाक मारतो.

नव्या नियंत्रकाकडे विमान आलंच नाही

हद्द जवळ आलीय, हाक नाही. आधी मागच्या सेक्टरला विचारायचं: “फास्टएअर अजून तुझ्याकडे आहे का? कोणता आकडा दिलास?” निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. नाहीतर १२१.५, मग जवळच्या दुसऱ्या विमानाला रिले करायला सांगायचं, मग कंपनी. वैमानिकांना फक्त बोलता येत नसेल पण ऐकू येत असेल, हे तपासायला सांगायचं: “इफ यू रीड, स्क्वॉक आयडेंट” (ऐकू येत असेल तर ट्रान्सपाँडरचं ओळखीचं बटण दाब). पडद्यावर खूण चमकली की एकतर्फी का होईना, संवाद आहे. हे चालू असताना त्या विमानाच्या पुढची जागा मोकळी ठेवायची आणि ते शेवटच्या मंजुरीप्रमाणे वागेल असं धरायचं.

डेटालिंकवरचं हस्तांतर

सीपीडीएलसीमध्ये (नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातल्या लेखी संदेशांच्या पद्धतीत) एका वेळी एकच केंद्र सूत्रधार असतं. जुनं केंद्र विमानाला ‘पुढचं केंद्र अमुक’ असं कळवतं, पुढचं केंद्र जोडणी करतं, आणि जुन्यानं ‘एंड सर्व्हिस’ पाठवलं की ताबा आपोआप सरकतो. अडतं ते दोन ठिकाणी. एक, एखादा संदेश उत्तराविना उघडा असताना ‘एंड सर्व्हिस’ आलं तर जोडणी पूर्णच तुटू शकते. म्हणून हद्दीआधी सगळे संदेश मिटवावेत. दोन, सरकणं होतच नाही. हद्द ओलांडल्यावर पडद्यावर सक्रिय केंद्राचं चार अक्षरी नाव बघायचं. जुनंच असेल तर तोडून नव्यानं लॉगऑन करायचं. नव्यानं लॉगऑन फसलं तर उड्डाण क्रमांक आणि नोंदणी क्रमांक योजनेत दिलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळतात का ते पाहावं. पहिल्यांदाच डेटालिंक क्षेत्रात शिरत असाल तर लॉगऑन हद्दीच्या १० ते २५ मिनिटं आधी.

मीटर आणि फूट

चीनच्या हद्दीवर पातळी मीटरमध्ये मिळते. तिथं १०,७०० मीटर म्हणजे ३५,१०० फूट, ३५,००० नव्हे. गणित करत बसायचं नाही, छापील तक्ता समोर ठेवायचा आणि रीडबॅक ऐकलेल्याच एककात द्यायचा. हस्तांतर, एककबदल आणि शंभर फुटांची चढण एकत्र येतात, तेव्हा एकानं फक्त विमान बघावं आणि दुसऱ्यानं फक्त रेडिओ.

लढाऊ विमान शेजारी आलं तर

शांतता लांबली की हवाई दलाला कळवलं जातं. शेजारी आलेल्या विमानानं पंख हलवले, दिवे लुकलुकवले आणि सहसा डावीकडे सावकाश वळलं, तर त्याचा अर्थ ‘माझ्यामागे ये’. आपणही पंख हलवायचे, दिवे लुकलुकवायचे, मागे जायचं, १२१.५ वर बोलायचं, आणि नियंत्रकानं दुसरं काही सांगितलं नसेल तर ट्रान्सपाँडर ७६०० वरून ७७०० (आणीबाणीचा संकेत) वर न्यायचा. संवाद परत जुळल्यावर पहिल्याच वाक्यात कॉलसाइन, पातळी, हेडिंग आणि शेवटची फ्रीक्वेन्सी वेळेसकट सांगायची. ती कागदावर लिहिलेली असतेच.